डावीकडचा उंट

समोर पट मांडला की ते आधी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. "हात मोकळे असले की खेळी हात करतो, डोकं नाय," असं म्हणत. मी घोड्याला बोट लावलं रे लावलं की ओरडत, "हात मांडीखाली, मेल्या!" चाळिशीतला माणूस मी, निमूट हातांवर बसायचो.

रत्नागिरीत आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त तलाठी. मी एका शाळेत कारकून. रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत एक डाव व्हायचा. बुद्धिबळ सुधारायची त्यांची रीत सरळ होती. जिंकलेला डाव विसरायचा. हरलेला मात्र वहीत खेळीन् खेळी उतरवायचा आणि आपण पहिल्यांदा कुठे चुकलो, तिथे लाल खूण करायची. माझ्या दोन वह्या भरल्या. त्यांची वही पाच वर्षं कोरीच. तुमच्याही आळीत असा एखादा असेल, ज्याला एकदा तरी हरवावं असं वाटत राहतं.

"समोरच्याचं दुखतं कुठे ते शोध," ते सांगत, "आणि तिथेच दाब. दया येत असेल तर पत्ते खेळायला जा."

गणपतीत मी पहिल्यांदा जिंकलो. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आठवड्याने पुन्हा जिंकलो, मग सलग तीनदा. दर वेळी माझा उंट त्यांच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका यायचा आणि त्यांचा वजीर मारायचा. खरं तर तो उंट कधीचा तिथे उघडा उभा असायचा. "हा कुठनं आला रे?" ते दचकून विचारत. मला त्या दचकण्याची गंमत वाटायची.

पुढे पुढे ती वाटेनाशी झाली. त्यांच्या डाव्या कोपराने चहाचा कप दोनदा लवंडला. पडवीच्या दाराला डावा खांदा आपटला. एके दिवशी काकू माझ्यापाशी कुरकुरल्या, "हल्ली ह्यांना चटणी-लोणचं काही नको. पानात वाढलेलं तसंच राहतं, आणि वर म्हणतात जेवण अळणी!" चटणी-लोणचं पानात कुठल्या बाजूला वाढतात, हे तुम्हाला सांगायला नको. तरी त्या संध्याकाळी मी उंट त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवला.

हे लिहिताना लाज वाटते. पण पाच वर्षं हरलेल्या माणसाला जिंकायची चटक लागली होती. सांगितलं तर ते डॉक्टरकडे जातील, चष्मा बदलेल आणि मी पुन्हा हरू लागेन, एवढाच विचार मी केला. चष्म्यापलीकडचं काहीतरी मनात यायचं, तेव्हा मी दुसरा विषय काढायचो.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी गेलो, तर पट मांडलेला नव्हता. त्यांच्या मांडीवर वही होती आणि ती आता लाल खुणांनी भरली होती.

"सगळे डाव पुन्हा मांडून बघितले," ते म्हणाले. "चूक एकच आहे. डावीकडचं मला दिसतच नाय." आवाज नेहमीसारखाच होता. मग वही मिटून त्यांनी विचारलं, "तुझ्या ध्यानात कधी आलं?"

खोटं बोलता आलं असतं. "गणपतीनंतर लगेच," मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिवी येईल. यावी असंच वाटत होतं.

"बरा खेळलास," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मुलाने त्यांना मुंबईला नेलं. डोक्यात गाठ निघाली. दोन-तीन महिने आधी आला असतात तर काही करता आलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हे मला काकूंनीच सांगितलं. ते परत आलेच नाहीत.

घरी कोणी भेटायला आलं की काकू मला हाक मारून बोलावतात. माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हा रोज यायचा म्हणून ह्यांचे शेवटचे दिवस बरे गेले हो. ह्याच्याइतकं त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं."

मी मान खाली घालून ऐकतो. काकूंना मी अजून काही सांगितलेलं नाही.