वास गेला त्या वर्षीची चेरीची बिअर

त्या वर्षी दसरा झाल्यावर मला पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी उठले, आलं किसून चहा केला आणि कप तोंडाशी नेला, तर नुसतं गरम गोड पाणी. सर्दीने झालं असेल म्हटलं. पण सर्दी नव्हतीच, नाक चांगलं मोकळं होतं. दोन दिवसांनी गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर झालं आणि मी तिकडे पाठ करून भाजी निवडत बसले होते. शेजारीण धावत आली. "अगं, अख्ख्या मजल्यावर जळका वास सुटलाय, तुला कळत नाही?" मी धावत जाऊन गॅस बंद केला.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर एवढं काही नव्हतं. आमचं लालबागला मसाल्याचं दुकान. नवरा गेल्यापासून मी आणि माझी मोठी जाऊ, दोघीच ते चालवतो. जाऊबाई गिऱ्हाइकं सांभाळतात, माल निवडणं माझ्याकडे. पोतं उघडलं की मूठभर माल तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि हो की नाही ते सांगायचं. पंचवीस वर्षं मी हेच केलं. गल्लीतले बाकीचे दुकानदारही लवंग घेऊन यायचे, "वहिनी, जरा बघा हो, तेल काढलेली तर नाही ना?"

मी कुणालाच सांगितलं नाही. मिरची भाजताना ठसका अजून लागत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. मी मूठ नाकाशी न्यायचे, पूर्वीसारखी मान हलवायचे आणि रंग बघून, बोटांनी मोडून, अंदाजाने सांगायचे. घरी गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचे. जेवण म्हणजे मीठ आणि तिखट, एवढंच.

अशात बहिणीची मुलगी दुकानात आली. ती परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात बिअर बनवते. नातेवाइकांत सांगितलं होतं की ती खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे. मला मात्र तिने खरं सांगितलं होतं.

"मावशी, थंडीसाठी चेरीची मसाल्याची बिअर करतेय. पहिल्यांदाच सगळं माझ्यावर सोडलंय. मसाला तुझ्या हातचा हवा."

दालचिनी, लवंग, चक्रीफूल, जायपत्री. मी पुड्या बांधल्या. बांधताना नेहमीसारखी एकेक हुंगली. जायपत्री छान केशरी दिसत होती.

डिसेंबरात तिचा फोन आला, बिअर तयार आहे, चव बघायला ये.

"मी जन्मात कधी प्यायले नाही गं."

"घोटभरच घे. मला तुझं नाक हवंय, मावशी."

काय कारण सांगून टाळणार? दुपारी दुकान जाऊबाईंवर सोडून मी चालत निघाले. कुणी ओळखीचं भेटेल, कुठे निघालात विचारेल, याची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. उंच शेडमध्ये स्टीलच्या टाक्यांची रांग, बाकी शुकशुकाट. टेबलाशी भाची आणि तिचे साहेब. समोर दोन पेले ठेवलेले. एक काचेचा, बाहेरून दव धरलेला, आत लाल बिअर आणि वर गुलाबी फेस. दुसरा मातीचा कप, त्यातून वाफा निघत होत्या.

"ताई, ही थंड द्यायची की गरम, यावरून आमचं भांडण चाललंय," साहेब म्हणाले. "आता तुम्हीच निकाल द्या."

मला चेरी ठाऊक होती ती केकवरची, म्हणजे रंगवलेलं करवंद. भाची म्हणाली, "ही खरी आहे, काश्मीरची." मी आधी थंड घेतली. गार, आंबट, कोकमाची आठवण यावी अशी. मग जिभेवर बुडबुडे, शेवटी कडसर. तिच्या पलीकडे काहीच नाही. मसाला माझा, आणि माझ्याच तोंडात तो कुठे लागत नव्हता. मी पेला खाली ठेवला.

"आता गरम," भाची म्हणाली.

वाफ तोंडावर आली. ओली लागली, एवढंच. मी घोट घेतला. आंबटपणा वाढला होता, घशात ऊब उतरली. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी दुसरा घोट तोंडात धरून ठेवला, काहीतरी सापड रे देवा म्हणत. तेवढ्यात जिभेचं टोक किंचित बधिर झालं. लवंग!

"लवंग थोडी जास्त झालीय," मी म्हणाले. "थंडमध्ये लपते, गरम केली की पुढे येते."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघ! थंडच द्यायची, मी काय म्हणत होतो?"

सुटले, असं वाटलं. तेवढ्यात भाचीने हळूच विचारलं, "आणि जायपत्री?"

"बरोबर पडलीय. हवी तेवढीच लागतेय."

साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. भाची माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, यात जायपत्री नाहीच आहे."

मी कप खाली ठेवला.

"तू दिलेली पुडी उघडली तर कुबट वास आला. आतून बुरशी धरली होती. चुकून आली असेल म्हणून टाकून दिली. पण तू अशी चूक करणार नाहीस, हेही डोक्यातून जाईना. कधीपासून वास येत नाही तुला?"

"दसऱ्यापासून," मी म्हणाले आणि रडू फुटलं. तिने पाठीवर हात ठेवला. आणि रडता रडताच मला आठवलं. दुकानातल्या त्याच पिशवीतली जायपत्री मी चार दिवसांपूर्वी वरळीच्या एका बाईंना दिली होती. मुलगी बाळंत झाली होती, तिच्या लाडवांसाठी.

मी भाचीला ते सांगितलं. तिने टॅक्सी थांबवली. वाटेत लालबागला जाऊबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या चिडतील. त्या आधी खाली बसल्या. "अगो, माका आधी कित्याक नाय सांगलंस?" एवढंच म्हणाल्या, आणि उठून त्यांनी ती पिशवी हुंगली. त्यांचा चेहरा बघून मला पुढचं विचारायची गरजच उरली नाही.

बाईंचा नंबर आणि चाळीचं नाव आमच्या वहीत होतं, पण फोन कुणी उचलेना. पत्ता विचारत भाची आणि मी वरळीला त्यांच्या चाळीत पोचलो. दार त्यांनीच उघडलं. आत मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी उंबऱ्यातच सांगितलं, "जायपत्री खराब होती. चूक माझी आहे. लाडू केलेत का?"

"केले ना. दोन दिवस खातेय ती."

बाईंनी मुलीकडे बघितलं, मुलीने बाळाकडे. मग बाई आत गेल्या, डबा घेऊन आल्या आणि सगळे लाडू वर्तमानपत्रावर ओतले. "तुमच्याकडून नेलं म्हणून मी नीट बघितलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी भाची मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेली. काळजीचं दिसत नाही, लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभर मी रोज सकाळी फोन करत होते. मायलेकरांना काही झालं नाही. बाईंनी नंतर आमच्याकडून काही नेलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

कानानाकाच्या डॉक्टरांनी रोज लिंबू, गुलाब, निलगिरी आणि लवंग हुंगायला सांगितलं. महिनाभर काही नाही. मग एका सकाळी लिंबाला जळक्या रबरासारखा वास आला. मी घाबरून ते टाकलं आणि लगेच परत उचलून हुंगलं. काहीतरी येत तर होतं. भाचीने पुढच्या खेपेला लवंग कमी केली, आणि तिने नि साहेबांनी ती बिअर थंड आणि गरम अशी दोन्ही प्रकारे दिली, गिऱ्हाईक मागेल तशी.

होळीनंतर मिरचीचा हंगाम आला. पहिल्याच दिवशी दुकानासमोर बायकांची रांग लागली. जाऊबाई म्हणाल्या, माझ्या नाकाचं बायकांना त्या सांगतील. मी नको म्हटलं.

"मला वास नीट येत नाही," मी मोठ्याने म्हणाले. "माल जाऊबाईंनी बघितलाय. पण तुम्हीही हुंगा आणि मगच घ्या."

दोघी-तिघी पुढच्या दुकानात गेल्या. रांगेतली पहिली बाई पुढे झाली, तिने धण्यांची मूठ उचलली, डोळे मिटून हुंगली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.