हाक सोडायची नाही

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि वाचून झाले की हसते. खरं तेच सांगते, राग मानू नका. पिंपळाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... आमच्या वरोऱ्यात गल्लोगल्ली असे किस्से पडलेले आहेत, आणि प्रत्येक किस्सा कोणाच्या तरी मित्राच्या मेहुण्याला आलेला असतो. माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं "ताजी आहे" म्हटलं तरी मी देठ मोडून बघते. तुम्हीही हे वाचताना देठ मोडून बघा, माझी काही हरकत नाही. मी फक्त जसं झालं तसं सांगते.

माझं नाव नसीम. माझे मिस्टर हनीफ यांचं वरोऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल आल्यावर घड्याळं कमी झाली, म्हणून त्यांनी दुकानाच्या मागच्या भागात दोन कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे काढलं होतं. ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. ब्लॉगचं तेव्हा नवं नवं वेड होतं. घरी आम्ही हिंदी बोलतो, पण मी शिकले मराठीत, शिकवलं मराठी, त्यामुळे ब्लॉग मराठीतच लिहायचे. विषय काय, तर काहीही — सासरच्या गमती, बाजार, दुकानात येणारी माणसं. वाचणारे थोडेच, पण रोजचे.

त्या पावसाळ्यात काही मराठी ब्लॉगवाल्यांनी मिळून एक ब्लॉगथॉन ठरवली. म्हणजे लिहिण्याची मॅरेथॉन. चोवीस तास, दर अर्ध्या तासाला एक पोस्ट. ज्यानं त्यानं आपलं एक चांगलं काम निवडायचं, आणि वाचकांनी त्या कामासाठी देणगी कबूल करायची. अट एकच, पण कडक: एक जरी पोस्ट चुकली तरी माणूस बाद, आणि त्याच्या कामाला छदामही नाही.

माझं काम ठरलेलं होतं. मला एका गावासाठी नाव घ्यायची होती. आपली पाण्यातली नाव.

लग्नाआधी मी कुरखेडा तालुक्यात शिक्षणसेविका होते. शाळा सती नदीच्या पलीकडच्या एका छोट्या गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दवाखाना, रेशन, बाजार, एस.टी. सगळं अलीकडच्या काठाला, आणि पावसाळ्यात मधे ही नदी. नदी ओलांडायला कवडूभाऊंचा डोंगा. कवडूभाऊ ढिवर, मासेमारी करणारे. त्यांचा डोंगा म्हणजे एक जुनं कोरलेलं खोड, फटींना डांबर लावलेलं. त्यातून शाळेची पुस्तकं जायची, तांदूळ जायचा, आणि अडलेली बाईही जायची. दर पावसाळ्यात गाव जीव मुठीत धरून असायचं. मी स्वतः त्यात बसून जाताना जितक्या दुवा आठवत होत्या तितक्या म्हणून घ्यायचे!

तिथे एक रीत होती. पुराच्या पाण्यात डोंगा असला की काठावरच्या एका माणसानं डोंगेवाल्याशी सतत बोलत राहायचं, मोठ्या आवाजात. याला 'हाक राखणं' म्हणतात. फिरत्या पाण्याकडे बघून माणसाला भोवळ येते, मन पाण्यात ओढलं जातं. म्हणून त्याचा कान काठाला बांधून ठेवायचा. काय बोलायचं याला नियम नाही... काय रांधलं, कोणाची म्हैस सुटली, काहीही. नियम एवढाच की ज्यानं हाक धरली त्यानं डोंगा काठाला लागेपर्यंत सोडायची नाही. मीही राखली आहे. पहिल्यांदा मला काही सुचेना, तर मी बेचा पाढा म्हटला. कवडूभाऊ मधल्या धारेतून ओरडले, "बाई, पाढे नोका म्हनू, झोप येते मले!"

म्हणून ब्लॉगथॉन जाहीर करताना मी लिहिलं होतं की मी चोवीस तास हाक राखणार आहे, नाव काठाला लागेपर्यंत. लिहिताना फार छान वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सुरुवात झाली. रात्र मजेत गेली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, पण लाईट टिकली, हनीफनी मधे मधे चहा दिला, परदेशातले वाचक कमेंट टाकून हुरूप देत होते. रविवारी सकाळीही मी जोरात होते. दुकानात येणाऱ्या एका आजोबांवर लिहिलं. ते दर महिन्याला घड्याळ पाच मिनिटं पुढे करून घ्यायला येतात आणि तरी त्यांची एस.टी. चुकतेच. मग नणंदेच्या लग्नाचं लिहिलं, बिर्याणी तळाला लागली आणि सगळं वऱ्हाड शेजारच्या काकूंच्या पिठलं-भातावर जेवलं.

दुपारी मात्र मी संपले. डोळ्यांत कोणी तिखट टाकल्यासारखं झालेलं, बोटं आखडलेली, आणि डोकं रिकामं. कमेंट यायच्या बंद झाल्या होत्या. रविवार दुपार, लोक जेवून झोपले असणार! कोणीच वाचत नसेल तर मी कोणासाठी लिहिते आहे असं सारखं मनात यायला लागलं. त्या भरात मी असं काही लिहिलं जे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. हनीफनाही नाही.

त्याच वर्षी माझी अम्मी गेली होती. तिचं चंद्रपूरचं घर बंद होतं, पण फोन कापलेला नव्हता. मी अधूनमधून दुकानातून तो नंबर लावायचे. रिकाम्या घरात घंटी वाजू द्यायचे. आत्ता ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येते आहे, असं मनात धरायचे. मग ठेवून द्यायचे. हे सगळं मी लिहिलं आणि शेवटी लिहिलं — माझ्याच्यानं आता होत नाही, मला माफ करा, मी थांबते.

लिहिलं, आणि एकदम लाज वाटली. मी आधी नोटपॅडमध्ये लिहायचे, मग ब्लॉगवर टाकायचे. हे टाकलं नाही. सेव्हसुद्धा केलं नाही. सगळं खोडलं आणि कोऱ्या पानाकडे बघत बसले.

तेवढ्यात हनीफ आत आले. माझा अवतार बघून म्हणाले, "छोड दे अब, नसीम. बहुत हो गया."

आता माझा एक दोष म्हणा की गुण — मला कोणी सोड म्हटलं की माझी मूठ आणखी घट्ट होते. मी त्यांना म्हटलं, "आप चुप बैठो, मला डाळीचं लिहायचं आहे." आणि खरंच, सुचलं तेच लिहिलं: मी अजून इथेच आहे. घरी तुरीची डाळ शिजायला ठेवली आहे, लसणाची फोडणी देणार आहे, आज जरा जास्तच लसूण टाकणार आहे. अर्धा तास संपता संपता पोस्ट गेली. वाईट पोस्ट होती. पण गेली.

त्यानंतर मी काय काय लिहिलं ते वाचायच्या लायकीचं नाही, पण एकही चुकली नाही. संध्याकाळी शेवटची टाकली आणि खुर्चीतच रडले. नाव झाली होती!

पूर ओसरून रस्ते सुरू व्हायला आठवडाभर लागला. मग मी आणि हनीफ गावाला बातमी द्यायला निघालो. दुसऱ्या एका डोंग्यातून पलीकडच्या काठावर पोचलो तर कवडूभाऊ बाजेवर बसलेले, दोन्ही हातांना हळदीच्या पट्ट्या, दंड सोललेले. मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले,

"आल्या काय बाई? घसा बरा हाय ना आता?"

मला वाटलं, दुसऱ्या कोणा बाईला सर्दी झाली असेल, तिच्याशी माझी गल्लत करताहेत. मी म्हटलं, "माझ्या घशाला काय झालंय?"

"दिवसभर बोलून राह्यल्या होत्या ना जी. त्या आइतवारी."

मग त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, सगळं सांगितलं. त्या रविवारी सकाळी कवडूभाऊ एका तापलेल्या लेकरासाठी औषध आणायला अलीकडे निघाले. पाऊस असा की दोन्ही काठ एकमेकांना दिसत नव्हते. अनसूयाबाईंनी हाक धरली होती. मधेच अलीकडून आरडाओरड ऐकू आली, त्यांना वाटलं डोंगा लागला. त्यांनी हाक सोडली. अलीकडच्या लोकांना वाटलं, कवडू आज निघालाच नाही, शहाणा आहे. आणि डोंगा मधल्या धारेत उलटून वाहून गेला होता. कवडूभाऊ खाली बऱ्याच अंतरावर एका बुडालेल्या बेटावरच्या अर्जुनाच्या झाडाला लागले. दिवसभर ते त्या झाडाला धरून होते. कोणी शोधत नव्हतं, कारण दोन्ही काठांच्या हिशेबी ते सुखरूप होते. पाणी उतरल्यावर संध्याकाळी खालच्या गावच्या लोकांना दिसले.

"हाक मी सोडली जी," अनसूयाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

"तू सोडली, पन बाईनं धरली ना!" कवडूभाऊ म्हणाले. "झाडावर डोळा लागे माहा. डोळा लागला का हात सुटते. तं बाईचा आवाज ये. थोडा वेळ बोले, मंग चूप. मले वाटे गेल्या आता, तं पुन्हा सुरू. तो बुढा नाई काय, घडी पुढं करते अन् त्याची यस्टी चुकते! झाडावर हासलो मी. अन् लग्नात भात जळला तुमच्या..."

मी हनीफकडे बघितलं. हनीफ माझ्याकडे. गावात वीजही धड नव्हती, इंटरनेटचं तर नावच नको. तरी माझं संशयी डोकं चालूच होतं. कोणी तालुक्याला वाचलं असेल, येऊन सांगितलं असेल, यांच्या तापल्या डोक्यात ते शिरलं असेल. मी सरळ विचारलं, "कवडूभाऊ, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगन? मीच आयकलं." मग त्यांचा आवाज खाली आला. "बाई, तुमची माय गेली म्हनता. मले मालूमच नोहतं. तिच्या सुन्या घरी फोन लावता म्हनता... अन् मंग मनल्या, होत नाई आता, थांबतो. अन् चूप. लय वेळ चूप. तवा मले भेव वाटलं. मी बोंबललो झाडावरून — बाई, बोला! काऊन चूप झाल्या? बोला!"

मी तिथेच वाळूत बसले.

"मंग डाळीचं सांगलं तुमी. लसनाचं. लय भूक लागली मले." ते हसले. "पन हात पक्के झाले."

परतताना एस.टी.त हनीफनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी अम्मीचा नंबर लावशील तेव्हा मला बोलाव. दोघं ऐकू." इतके महिने हे एकटीनं कशाला केलं, असं वाटलं.

पुढे मी माझ्या परीनं सगळं तपासलं. टाइप करताना मी बोलते का, हे हनीफना विचारलं. नाही बोलत. बोलत असते तरी वरोरा कुठे आणि सती नदी कुठे! बाकीच्या पोस्ट कोणीतरी वाचून सांगितल्या असं एक वेळ धरू. पण ती एक कुठून वाचणार? ती कुठे गेलीच नव्हती. ती फक्त माझ्या डोक्यात होती आणि थोडा वेळ एका पडद्यावर होती. एका डॉक्टर मैत्रिणीनं सांगितलं, भूक आणि थंडीनं माणसाला आवाज ऐकू येतात. येत असतील. पण दुसऱ्याच्या मनातले?

हिवाळ्याआधी नाव आली. रुंद, पक्की, बसायला फळ्या, सोबत तरंगणारी जॅकेटं. नदी अजून भरून वाहत होती. पहिल्या फेरीला कवडूभाऊ वल्ह्यावर, नावेत सगळी लेकरं, आणि मी अलीकडच्या काठावर. नाव सुटली तसे ते ओरडले, "बोला बाई!"

मी म्हटलं, "एवढी मोठी नाव आहे, आता काय गरज?"

"बोला तरी!"

मग मी बोलत राहिले. काठावर उभी राहून, गळा काढून, सगळ्या गावासमोर. काय बोलले ते आठवत नाही. नाव पलीकडे लागली, शेवटचं लेकरू उतरलं, तेव्हा थांबले.

या सगळ्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. इतर किस्स्यांवर मी अजूनही हसते, पण या एकापुढे माझी अक्कल चालत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी संशयानंच वाचीन. मात्र पावसाळ्यात सती चढली अशी बातमी आली की मी हातातलं काम टाकून कॉम्प्युटरसमोर बसते आणि लिहायला लागते. पाणी उतरेपर्यंत उठत नाही. हनीफ आता सोड म्हणत नाहीत, चहा आणून ठेवतात. कारण शोधायला अख्खा उन्हाळा पडला आहे.