आरशासमोरची बाटली

"आजी, तुमचं हार्ट फार स्लो चालतंय. ब्रॅडीकार्डिया. असंच राहिलं तर पेसमेकर बसवावा लागेल," डॉक्टर म्हणाले, आणि मी आधी सुनेकडे बघितलं. ब्रॅडीकार्डिया म्हणजे हृदयाची चाल नको तितकी मंदावणं, हे मला तिच्यामुळेच ठाऊक होतं.

प्रणाली माझी सून. तिची लेक शाळेत जायला लागल्यावर तिनं फार्मसीचा डिप्लोमा करायला घेतला. ती भाजी चिरता चिरता धडे म्हणायची आणि मी समोर पुस्तक धरून बसायचे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचते. पण ऐकून ऐकून बरंच डोक्यात बसलं. सिम्पथेटिक नावाच्या नसा हृदयाला पळवतात, पॅरासिम्पथेटिक त्याला आवरतात. "आई, काशीमीऱ्याच्या सिग्नलला रिक्षावाला करतो ना, तसं. एक ॲक्सिलेटर, एक ब्रेक," असं तिनंच सोपं करून दिलं होतं.

तर झालं असं, की बीपीसाठी मला नवी गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. म्हटलं, वय झालं. मग एकदा कुकर उतरवताना ओट्याशी खालीच बसले. मुलानं, संदेशनं, रिक्षात घालून मीरा रोडच्या हॉस्पिटलात आणलं.

तिथे छातीला वायरी, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या. कोणकोणती औषधं चालू आहेत, हे पहिलंच विचारलं. संदेशनं गोळ्यांचा अख्खा स्टीलचा डबाच पुढे केला. त्यातली ती नवी गोळी बीटा ब्लॉकर होती, म्हणजे हृदयाची धाव कमी करणारी. डॉक्टरांनी ती लगेच थांबवली. "और कुछ लेते हो, आजी?" नर्सनं विचारलं. मी म्हटलं, "नहीं बेटा, बस इतनाच." खोटं बोलले नाही हो. आमच्या घरी औषध म्हणजे जे डब्यात असतं ते.

गोळी थांबली तरी चाल वाढेना. मशीनवरचा आकडा बघून बघून संदेशचा चेहरा उतरला. पेसमेकरचं ठरतच आलं. तो त्वचेखाली बसवायचा छोटा यंत्राचा डबा, हृदयाला ठोके आठवून देणारा. खरं सांगते, मला भीती वाटत होती. मन दुसरीकडे लागावं म्हणून प्रणालीला म्हटलं, वाच तू. पेपर जवळ आलाय तुझा.

ती वाचायला लागली. "बीटा ब्लॉकरचे उपयोग. बीपी, अँजायना म्हणजे छातीत दुखणं, मायग्रेन, ग्लॉकोमा..."

"ग्लॉकोमा म्हणजे काय गं?"

"काचबिंदू, आई."

"मग माझाच की तो."

ती पुढे वाचेना. मला काचबिंदू आहे, त्याचे थेंब जुनेच चालू आहेत. माझा हात थरथरतो म्हणून ती रोज न चुकता घालते. घरी ती बाटली आरशासमोर असते, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी. हॉस्पिटलातही ती कंगवा-टिकल्यांबरोबरच आली होती आणि थेंब चालूच होते. प्रणालीनं पर्समधून बाटली काढली, नाव वाचलं आणि चपला न घालताच डॉक्टरांकडे धावली.

थेंबांतही बीटा ब्लॉकरच निघाला. डोळ्यातून तो नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो, असं डॉक्टरांनी समजावलं. इतकी वर्षं नुसत्या थेंबांचं निभावलं, पण वर गोळीची भर पडली आणि चाल मंदावली; गोळी थांबली तरी थेंब तिला वर येऊ देईनात. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून थेंब बदलू आणि वाट बघू. पेसमेकर कुठे पळून जात नाही."

वाट बघितली. आकडा हळूहळू चढत गेला. पेसमेकर टळला.

पण प्रणाली खचली. "मीच घालत होते, आई. माझ्या हातानं. आणि मी म्हणे औषधं शिकतेय. मी पेपर नाही देणार."

मी म्हटलं, "माझा डोळा एवढी वर्षं कोणी राखला? तू पेपर दिला नाहीस, तर मी थेंब घालून घेणार नाही. मग बस आंधळ्या सासूला सांभाळत."

रडता रडता हसली बाई.

तुम्हाला एवढंच सांगते, डॉक्टर विचारतील तेव्हा थेंब, मलम, चूर्ण, नाकातला फवारा, सगळं सांगा. आपल्या मनानं बंद मात्र काही करू नका.

तो पेपर तिनं दिला. आता पुढच्याची तयारी चाललीय. मला नवे थेंब मिळालेत. घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा थोडा वेळ बोटानं दाबून धरायचा असतो, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं. तेवढं माझं मला जमतं. पण हे मी प्रणालीला सांगितलेलं नाही. तिचं बोट माझ्या डोळ्याशी असतं आणि ती तोंडपाठ धडा म्हणत असते. चुकली, तर मी मिटल्या डोळ्यांनीच टोकते.