अपडेटमधली जुनी टॅक्सी

हैदराबादला हिमायतनगरच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी खांद्यासाठी जायचे. तिथं एक म्हातारे चाचा रोज भेटत. आयुष्यभर टॅक्सी चालवली आणि मग लकव्यानं डावा पाय गेला, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा व्यायाम आटोपून आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी मनगटाला पट्टा बांधलेली एक कॉलेजची मुलगी मोबाइलवर रेसिंगचा गेम उघडून कुरकुरत होती. "अपडेटमध्ये एवढ्या भारी गाड्या आल्यात, त्यात हा जुन्या टॅक्सीचा डब्बा कायको टाकला काय माहीत."

टॅक्सी म्हटल्यावर चाचांनी वाकून पाहिलं. तिनं हसून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी हळूच बिस्मिल्ला म्हटलं, मग तीच टॅक्सी काढली. बाकीच्या गाड्या सुसाट पुढे गेल्या. चाचा प्रत्येक वळणावर वेग कमी करत, सगळ्यांना वाट देत सगळ्यात शेवटी पोचले.

"किती सुस्त आहे ना ही," मुलगी म्हणाली.

"सुस्त नई अम्मा, रस्ता देखके चलरी वो."

मी मात्र सगळा वेळ खाली बघत होते. वळण आलं की चाचांचा डावा पाय चपलेत किंचित दाबला जात होता, क्लचवर दाबावा तसा. दहाच मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी परोपरीनं सांगूनही तो हलला नव्हता.

मुलीलाही ते दिसलं असावं. फोन घ्यायला पुढे केलेला हात तिनं मागे घेतला.

"चाचा," ती म्हणाली, "और एक चक्कर मारो."