आईची हाक राजूरला ऐकू यायची

भूतखेत, अंगात येणं, सावल्या दिसणं असलं काही सांगायला कोणी आलं की मी आधी त्याचं बीपी तपासायचो. राजूरला माझं मेडिकल स्टोअर आहे. गोळी पोटात गेली की काय होतं, एवढ्यावरच माझा विश्वास. तरी हे लिहायला बसलोय. आणि गंमत म्हणजे यातला साक्षीदार मी नाहीच... बाकी सगळे आहेत.

आईला तंबाखूच्या मिश्रीची सवय. आमच्या डोंगरी भागात तिच्या वयाच्या बायकांत त्याचं काही नवल नाही. गालाच्या आत जखम झालेली तिने किती दिवस लपवली कोण जाणे. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली तेव्हा मी टॉर्च लावून बघितलं. पुढे नगरला बायोप्सी झाली. रिपोर्ट हातात पडला तो एसटी स्टँडवर उभं राहून मीच आधी वाचला. शेजारी आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"काय लिवलंय?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो. मला सगळं कळलं होतं.

पुण्याच्या धाकट्या भावाला, सुनीलला, फोन केला. तो रडला. मग म्हणाला, "दादा, तूच बघ सगळं. तुला त्यातलं कळतं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या क्षणापासून मी जो एकटा पडलो तो पडलोच. घरातले सगळे मला विचारायचे. मी कोणाला विचारणार?

ऑपरेशनमध्ये गालाचा आणि जिभेचा काही भाग काढला. जीव वाचला, पण आईचा आवाज गेला.

तो आवाज काय होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं घर गावाच्या कडेला. मागे परस, त्याच्या खाली ओढा. दुपारी आई परसात उभी राहून म्हशीला हाक मारायची - "चंद्रेऽऽ, ये गं बायऽऽ" - आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या बायका त्यावरून जेवणाची वेळ ओळखायच्या. ऑपरेशननंतर तिने एकदाच बोलून पाहिलं. तोंडातून काहीतरी ओलं, अडखळलेलं बाहेर आलं. तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तोंड मिटलं. त्यानंतर फक्त खुणा. माझ्याशीसुद्धा.

रेडिएशन रोज घ्यायचं होतं, सुट्टीचे दिवस सोडून. राजूरहून नगरला रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेतली. राजूरला माझी बायको मनीषा घर आणि म्हैस सांभाळायची. दुकानाला कुलूप. खोलीत आई आणि मी. सुरुवातीला मी खूप बोलायचो... गावच्या गोष्टी, पाऊसपाणी. ती मान हलवायची. हळूहळू माझंही बोलणं कमी झालं. एकाच खोलीत दोन माणसं, आणि आवाज म्हणाल तर फक्त मिक्सरचा. तिचं जेवण पातळ करावं लागायचं.

दुपारी तिचा नंबर असायचा. तिच्या चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकच्या जाळीचा मास्क बनवला होता. तो तोंडावर बसवून टेबलाला घट्ट अडकवायचे. ओठ हलवायचीही सोय नाही. मग सगळे बाहेर यायचे, जाड दरवाजा बंद व्हायचा, वर लाल दिवा लागायचा. मी समोरच्या बाकावर बसायचो. टेक्निशियनच्या स्क्रीनवर आत निजलेली आई दिसायची. कधी बोटही हललं नाही.

एके दिवशी संध्याकाळी मनीषाचा फोन आला.

"अहो, हसणार नसाल तर सांगते."

"सांग."

"दुपारी परसातून आईंचा आवाज आला. चंद्रीला हाक मारत होत्या. मी भांडी टाकून पळाले. तिथं कोणीच नाही. पण चंद्री ओढ्याकडून धावत आली हो... आणि आज तिने पान्हा सोडला. इतके दिवस मला आचळाला हात लावू देत नव्हती."

मी म्हणालो, झोप नीट होत नसेल, जरा आराम कर. मेडिकलवाला दुसरं काय सांगणार?

दोन-चार दिवसांत तिचा परत फोन. ओढ्यापलीकडच्या वेणूमावशी घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "आक्का आल्या व्हय दवाखान्यातून? मघाशी हाक आयकली, मी ओ बी दिली. पन बाहेर काय दिसंनात." मनीषाने त्यांना काही सांगितलं नव्हतं.

तरीही मी मानलं नाही; फक्त हाक नेमकी आईच्या नंबराच्या वेळेला येते, हे ध्यानात आलं होतं. मग एक दिवस मशीन दुरुस्तीला काढलं आणि आमचा नंबर संध्याकाळी लागला. हे मी मुद्दाम कोणालाच कळवलं नाही. खोलीवर येऊन नेहमीसारखा फोन केला. मनीषा आपणहून म्हणाली, "आज दुपारी काहीच नव्हतं. वाटलं, संपलं एकदाचं. तर आत्ता, दिवा लावायच्या वेळेला आली हाक."

मी फोन ठेवला. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे बसलो.

"आई, आत असताना काय करतेस तू?"

मग कित्येक दिवसांनी तिने तोंड उघडलं. शब्द नीट फुटत नव्हते, पण कळत होते.

"घरी जाते."

"घरी? आणि तिथं काय करतेस?"

"चंद्रीला हाक मारते." मग म्हणाली, "हितं कुनाला मारू?"

मी तिच्यासमोर बसलो होतो. रोज तिच्यासाठी बसत होतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सुनीलला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, तू थकलायस." पुढच्याच आठवड्यात तो काही कामासाठी राजूरला गेला आणि दुपारी मला त्याचा फोन आला. बराच वेळ नुसता हुंदकाच. "दादा... आईच बोलली रे. अगदी आधीसारखी." मी बाकावर होतो. समोर लाल दिवा लागलेला होता.

म्हणजे तो आवाज बायकोने ऐकला, शेजारणीने ऐकला, भावाने ऐकला. फक्त मी नाही. मला तो आवाज हवा होता हो... विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. मला एकदा आईचा आवाज ऐकायचा होता.

सुनीलला नगरला बोलावून घेतलं. आईला सांगितलं, दुकानाचं काम आहे, उद्या सुनील येईल तुझ्याबरोबर. तिने नुसती मान हलवली. एसटी कोल्हारच्या पुलावर आली तेव्हा उतरून मागे फिरावंसं वाटलं, पण बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून परसात होतो. दुपार झाली. सुनीलचा मेसेज आला, 'आईला आत घेतलं.' चंद्री ओढ्याकाठी चरत होती. वारा नव्हता. मनीषा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघं कान देऊन उभे... पुढचा मेसेज आला, 'झालं. बाहेर आली.'

काहीच ऐकू आलं नाही. चंद्रीने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

परत गेलो तेव्हा सुनील म्हणाला, मास्क काढला तेव्हा आई थरथरत होती, डोळे गच्च मिटलेले. तो पुण्याला निघून गेल्यावर मी तिला विचारलं, "आई, काल घरी गेली नाहीस का?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"का गं?"

तिला एकेक शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तू न्हवतास भायेर," ती म्हणाली. "लई भ्या वाटलं. तू बसलेला असलास... म्हंजी मग जाता येतं मला."

त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत मी बाक सोडला नाही. हाक रोज जात होती, असं मनीषा सांगायची.

आता आई घरी आहे. तपासण्यांना जातो, आजवर तरी सगळं ठीक आहे. थोडंफार बोलते, आम्हाला समजतं. नगरहून आल्यापासून परसात तो आवाज कोणालाही ऐकू आलेला नाही. एका डॉक्टर मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

घरात त्या हाकेचा विषय निघतो कधी कधी. मनीषा सांगते, सुनील सांगतो, मावशी नक्कल करून दाखवतात. आई मान खाली घालून हसते. मी ऐकत बसतो.