गावच्या नदीचं पाणी

आमच्या धायरीच्या नाल्याला उन्हाळ्यात नासक्या अंड्यांसारखा वास सुटला की मला आजोबांचं चीनमधलं गाव आठवतं. आजोबा तिथून पुण्यात येऊन स्थायिक झाले. बाबा पुण्यातच जन्मले, कॅम्पात चपलांचं दुकान चालवलं, चीन कधी पाहिला नाही. कंपनीने मला तिकडे पाठवलं तेव्हा त्यांनी तांब्याचा गडू हातात दिला. "शेजारी काशीहून गंगा आणतात ना, तसं आपल्या नदीचं पाणी आण." गावातल्या चुलतभावाने मोठ्या कौतुकाने मला नदीवर नेलं. जीन्सच्या कारखान्यांनी ती शाईसारखी निळी केली होती. वर पिवळा फेस, काठाला फुगलेले मासे. "आमच्या जीन्स जगभर जातात," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आणि पचकन त्याच पाण्यात थुंकला. मी तिथेच ओकले. गडू रिकामाच परत आणला आणि पुण्याच्या विमानतळावर नळाखाली भरला. बाबांनी तो डोळ्यांना लावून आजोबांच्या फोटोपाशी ठेवला. बाबांच्या शेवटच्या दिवशी त्यातलंच चमचाभर पाणी मी त्यांच्या तोंडात घातलं. "गोड आहे गं आपल्या गावचं पाणी," ते म्हणाले. नाल्यावरून जाताना मी नाक दाबते. त्या चमच्याने वाटलेली स्वतःची किळस मात्र अजून जात नाही.