दाजींचा राग बघायला मुलुंडला

नाशिकहून निघालेली एस.टी. मुलुंडच्या चेकनाक्यावर पोचली तेव्हा दुपार टळून गेली होती. जकातीसाठी ट्रकांची ही लांबलचक रांग. मी तिथंच उतरले. लोक मुंबईला समुद्र बघायला येतात. मी दाजींचा राग बघायला आले होते. खरं सांगायचं तर, तो गेला म्हणतात ते कितपत खरं, हे बघायला.

दाजी म्हणजे माझ्या कमलताईचा नवरा. गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात पहारेकरी झालेले. त्यांच्या रागापायी ताईच्या घरात एक ताट धड राहिलं नव्हतं. एकुलत्या एका लेकीनं, छायानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तेव्हा त्यांनी तिची पेटी गल्लीत भिरकावली होती. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती आली नव्हती. आता आईनं गळ घातली म्हणून रविवारी येणार होती. या वेळी हाकललं तर पोर कायमची गेली, हे ताईनं चहा गाळता गाळताच मला सांगून टाकलं.

वस्ती डोंगराच्या पायथ्याशी. वर करवंदीच्या जाळ्या, खाली कारखान्यांची धुराडी, मधे पत्र्याची घरं. रात्री ज्वारीची भाकरी आणि झणझणीत सुकट. सुकटीत दाजींच्या दाताखाली कचकन खडा आला. त्यांनी तो बाजूला काढून ठेवला आणि पुढचा घास घेतला. मी ताईकडे पाहतच राहिले.

दाजी आता रोज पहाटे विहारात ध्यानाला जातात, म्हणून शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. पत्र्याची एक खोली, समोर बुद्धमूर्ती, खाली सतरंजी. वस्तीतली काही माणसं रोज तिथं आनापान (आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं) करतात. मीही डोळे मिटले. तेवढ्यात माझं मन नाशिकला जाऊन शाळेच्या वह्या तपासून आलं. पाय इतका बधिर झाला, की उठताना मी शेजारच्या आजींच्या मांडीवरच बसले. आजींनी मला सरळ केलं आणि पुन्हा डोळे मिटले.

परतताना दाजींना विचारलं, तुमचंही मन पळतं का?

"पळतं ना. रोज छायाच्या पेटीपाशी जाऊन उभं राहतं. मग आणायचं परत."

आणि राग? ते पाववाल्यापाशी थांबले. पाव घेतले आणि आम्ही घरी आलो.

रविवारी छाया आली. जावई कोपऱ्यावरच थांबला, पुढं यायचा त्याला धीर होईना. दाजी उंबऱ्यात बसले होते. लेकीला बघताच त्यांचा चेहरा तापला, नाकपुड्या थरथरल्या आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

ते श्वासाकडे बघतायत, हे ताईला कळलं, मलाही कळलं. छायाला कसं कळावं? तिला वाटलं, बाप आपलं तोंडसुद्धा बघायला तयार नाही. उगाच बोलावलंस, असं आईला म्हणून ती माघारी वळली.

"छाया, थांब." दाजींचे डोळे मिटलेलेच होते. "राग आलाय मला. तो जाईपर्यंत बस ना इथं."

ती घुटमळली. मग पदर सावरून बापापासून हातभर अंतरावर टेकली. गल्लीतून माणसं जात-येत होती. ती दोघं तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं दाजींनी डोळे उघडले. ते भरून आले होते.

"जावयाला कुठं ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

सोमवारी परतीच्या गाडीत बसले. साधना केली की राग येतच नाही, अशी माझी समजूत होती. तो येतो, अगदी पूर्वीसारखाच येतो. त्याच्याजवळ नुसतं बसून राहण्याची सवय दाजींनी रोज पहाटे लावून घेतली आहे. मीही खिडकीशी डोळे मिटून बसले. आपला कुणावर राग नाही, या विचारानं बरं वाटत होतं. कसाऱ्याच्या घाटात एकेक जण आठवायला लागला.